बंद खोलीतला व्हॉल्व्ह

३ फेब्रुवारी १९९१, रविवार

ही वही गावातल्या अंत्यसंस्कारवाल्याने नाताळात फुकट वाटली. प्रत्येक पानाखाली त्याचा फोन नंबर छापलेला आहे. बहात्तर वर्षांच्या माणसाला असली भेट देऊ नये. पण माझी बायको लव्हर्न म्हणाली, "घे. तुझ्या काळज्या आता हिला सांग. एकोणपन्नास वर्षं ऐकून माझे कान किटले." म्हणून लिहितो आहे. शाळा मी आठवीत सोडली, तेव्हा चुका होणारच. वाचणार कोण म्हणा.

आजची काळजी: चर्चमधून येताना लव्हर्नने लाल दिवा पाहिला नाही. ती म्हणते, पाहिला होता. मग तर जास्तच वाईट.

५ फेब्रुवारी, मंगळवार

कामाचं लिहावं. कॉलेजच्या मुलींच्या एका भगिनीमंडळाच्या घराची देखभाल मी करतो. सत्तावीस वर्षं झाली. एक्केचाळीस मुली, नऊ न्हाणीघरं, एक बॉयलर आणि मी. दारावर मंडळाच्या नावाची तीन ग्रीक अक्षरं आहेत. दर उन्हाळ्यात मी ती सोनेरी रंगाने रंगवतो, पण मला ती अजून वाचता येत नाहीत.

वरच्या मजल्यावर जायचं असलं की जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून मोठ्याने सांगायचं, "मजल्यावर पुरुष." मग वर धडाधड दारं लागतात. तसा इथला नियमच आहे. मागे एकदा दातांच्या डॉक्टरकडे जिना चढताना सवयीने ओरडलो होतो. तेव्हापासून मी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

आज मॉम प्रुइट, म्हणजे या घराच्या गृहमाता, कॉफी ओतता ओतता म्हणाल्या की मंडळाच्या मुख्यालयाने यंदाच्या पदकासाठी नावं मागवली आहेत. देशभरच्या शाखांमधून ज्या मुलीने सर्वांत चांगलं नेतृत्व केलं, तिला ते पदक. सोबत वर्षभराची नोकरीही. मुख्यालयातर्फे गावोगावच्या शाखांना भेटी द्यायच्या आणि नव्या मुलींना कारभार शिकवायचा. आमच्या शाखेने आपल्या अध्यक्षेचं नाव घातलं आहे, डेलेना प्रॉफिटचं.

डेलेना डोंगरातल्या गावची. ही नोकरी मिळाली नाही तर मे महिन्यात काकाच्या पशुखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं. मी तिला विचारलं, "अगं, इतकं फिरणं जमेल का तुला?" ती म्हणाली, "मिस्टर ऑर्व्हिल, मी केंटकीच्या बाहेर एकदाच गेले आहे, तेही रस्ता चुकून. पण जायचं आहे मला. फार जायचं आहे." आणि जिभेवर काहीतरी गरम लागल्यासारखी गप्प झाली.

मला काळजी वाटते. पोरगी चांगली आहे, पण नेतृत्व म्हणावं असं ती काहीच करत नाही. मागच्या अध्यक्षेकडे शिट्टी होती. काल कपडे धुण्याच्या मशीनवरून दोघी जणी भांडत होत्या. डेलेना आली, सुकवायच्या मशीनवर चढून बसली आणि विचारलं, "आधी बाहेर कोणाला जायचंय?" एकीने हात वर केला, दुसरीने आपली बादली उचलली, संपलं. यात हिने काय केलं? पदक देणाऱ्यांना दाखवणार काय?

१२ फेब्रुवारी, मंगळवार

जेवणघराच्या छताला ओल आली आहे. ताटलीएवढी.

ओलीच्या बरोबर वर ती बंद खोली आहे. मंडळाचे गुप्त विधी तिथे होतात. मंडळाबाहेरच्या कोणी ती पाहायची नाही, मीसुद्धा नाही. सत्तावीस वर्षांत मी तिच्या दाराची कडी तीनदा बदलली, ती बाहेरूनच. किल्ली एमा क्लेअर स्टेग नावाच्या मुलीकडे असते. ती विधिरक्षक. किल्ली गळ्यात असते, आंघोळीलासुद्धा. गळ्यावर हिरवा डाग पडला आहे.

मी म्हटलं, "पोरी, आत पाइप गळत असेल."

ती म्हणाली, "आत पाइप आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही."

"पाइप मीच बसवला नसेल, पण जुन्या भागाचं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह आत आहे हे मला ठाऊक आहे. अठ्ठावन्न साली खोली बांधली तेव्हा तो आत अडकला."

"मिस्टर ऑर्व्हिल, तुम्ही हे जाणता हेसुद्धा मी ऐकलेलं नाही."

मी ओलीवर रंग मारून आलो.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

रंगाखालून ओल परत आली. आता तिचा आकार ओहायो राज्यासारखा आहे. मॉम प्रुइट यांनी खाली सरबताचं मोठं काचेचं भांडं ठेवलं आहे. मुली येता-जाता त्यात बघतात. झोप लागत नाही.

१६ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दुपारी दोनला पाइप फुटला. सरबताचं भांडं भरलं, मग बादल्या, मग सुपाचं पातेलं. मी पाणीखात्याला फोन केला. रस्त्यावरचा व्हॉल्व्ह त्यांच्याच चावीने बंद होतो. कोणी उचलला नाही. आज बास्केटबॉलचा सामना आहे. अशा दिवशी केंटकीत घर जळालं तरी मध्यंतरापर्यंत थांबावं लागतं. मुख्यालयालाही फोन लावला, पण शनिवारी ते बंद.

एमा क्लेअर पाना घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा नख तुटलेलं आणि केसांत गंज. "हलत नाही तो," म्हणाली. आणखी दोघी जाऊन आल्या. तोवर छताचा एक तुकडा खाली मक्याच्या पावावर पडला.

मी म्हटलं, "मला जाऊ द्या. तसले जुने व्हॉल्व्ह मी ओळखतो."

"एकशे चार वर्षं," एमा क्लेअर म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एकशे चार वर्षांत बाहेरच्या एकाही माणसाने आमच्या मंडळाची विधींची खोली पाहिलेली नाही, आणि ती माझ्या वर्षात पाहिली जाणार."

सगळ्या डेलेनाकडे बघू लागल्या. तिने विचार केला, पण मला नाकावरचा चष्मा वर करायला लागतो तेवढाच वेळ.

"पाहायची नाही, असा नियम आहे ना?" ती म्हणाली. "मग ते पाहणार नाहीत. मिस्टर ऑर्व्हिल, डोळे बांधले तर चालेल तुम्हाला?"

मी म्हटलं, डोळे बांधून नळकाम होत नसतं.

"काम तुमच्या हातांना ठाऊक आहे. रस्ता मी सांगते. तुम्ही पडणार नाही."

एमा क्लेअरने आधी झोपताना लावायची पट्टी माझ्या डोळ्यांवर चढवली. तिच्यावर मांजराचे डोळे काढलेले होते, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला मी मांजरासारखा टक्क जागा. त्यावर सॅटिनचा पट्टा तीन वेढे गुंडाळला. चौघींनी मला जिन्याशी नेलं. पहिली पायरी लागली तसा मी ओरडलो, "मजल्यावर पुरुष."

"आम्हीच तुम्हाला धरलंय, मिस्टर ऑर्व्हिल," कोणीतरी म्हणालं. "आम्हाला कळलंय."

आत मेणाचा वास होता. डेलेनाने माझं मनगट धरलं होतं. घट्ट नाही, पण सुटणार नाही असं. "दोन पावलं. आता वाका. अजून. डावीकडे एक वस्तू आहे, तिला हात लावू नका."

तोवर हात लागला होता. ते थंड होतं आणि त्याला नाक होतं.

"हात लागला का?" एमा क्लेअरने मागून विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

डेलेनाने माझा हात व्हॉल्व्हवर ठेवला. त्याची जात मी हातानेच ओळखली. "पाव फेरा," ती म्हणाली. "थांबा. श्वास घ्या. पुन्हा." किती वेळ गेला कळलं नाही. गुडघा कशात तरी रुतला होता, मखमल असावी. मग आतून कुरकुर झाली आणि पाणी थांबलं. खाली मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर आल्यावर एमा क्लेअरने मॉम प्रुइट यांच्या बायबलवर माझा हात ठेवून मला शपथ घ्यायला लावली. खोलीत काय आहे, खोलीबद्दल काय ठाऊक आहे आणि आज काय घडलं, यातलं काही मी कोणाला सांगायचं नाही. मी हो म्हटलं. त्या नाकाबद्दल खोटं बोललो होतो आणि दहा मिनिटांत त्याच तोंडाने शपथ घेतली. याचं काय होतं ते पाद्रीबाबांना विचारायला हवं, पण विचारायचं तर सांगावं लागेल.

आणि हे लिहिणं म्हणजे सांगणं का? वही म्हणजे कोणी नाही. तरी उद्यापासून ती बॉयलरमागे ठेवणार.

१८ फेब्रुवारी, सोमवार

लव्हर्नने विचारलं, "शनिवारी पँट ओली का होती?"

"पाण्याने."

"कुठल्या?"

"ओल्या."

"ऑर्व्हिल, आपण एकमेकांपासून कधी काही लपवलं आहे?"

मी म्हटलं नाही. लव्हर्नने बटाटे माझ्यासमोर आपटून ठेवले.

कामावर त्याहून वाईट बातमी. डेलेनाने मुख्यालयाला स्वतःच पत्र लिहून सगळं कळवलं. एमा क्लेअर स्वयंपाकघरात तिच्यावर तडकली होती. "कोणी सांगितलं होतं तुला? छत दुरुस्त झालं असतं, कोणाला कळलंही नसतं. पदकाची नावं याच महिन्यात बघतात, अक्कल आहे का?"

डेलेना भांडी पुसत होती. "तुझ्या वर्षात झालं, असं ते म्हणायला नकोत," ती म्हणाली. "मी ठरवलं, मी नेलं, असं लिहिलंय. तुझं नाव नाही त्यात."

एमा क्लेअर तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दुसरं फडकं घेतलं.

मी बॉयलरपाशी जाऊन बसलो. व्हॉल्व्ह दर वर्षी तेल घालून फिरवायचा असतो. मी तो सत्तावीस वर्षं फिरवला नाही, कारण आत जाता येत नव्हतं. तरी दोष माझाच. पोरीची नोकरी माझ्यामुळे गेली.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

डेलेना तळघरात आली. हातात कागद. पदकाच्या समितीला एक शिफारसपत्र हवं आहे, मंडळाबाहेरच्या आणि तिला रोज पाहणाऱ्या माणसाचं. "तुम्ही लिहाल का?"

मी म्हटलं, "अगं, कॉलेजात प्राध्यापक मेले का सगळे?"

"ते मला मंगळवारी आणि गुरुवारी पाहतात."

बिचारी. कोणीच हो म्हटलं नसणार, म्हणून माझ्यापर्यंत आली. मी हो म्हणून बसलो. मग कागद वाचला. त्यात लिहिलं आहे: 'या विद्यार्थिनीचं नेतृत्व दिसून आलं असा, तुम्ही स्वतः अनुभवलेला एक प्रसंग तपशीलवार सांगा.'

स्वतः अनुभवलेला प्रसंग एकच आहे. तो मी कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली आहे.

३ मार्च, रविवार

चर्चनंतर पत्र लिहायला बसलो. 'डेलेना प्रॉफिट ही मुलगी कचरा वेळेवर बाहेर ठेवते. मोठ्याने दार आपटत नाही.'

लव्हर्नने खांद्यावरून वाचलं. "ही शिफारस आहे की भाडेकरूची चौकशी? दुसरं काही केलं नाही का तिने?"

"केलं."

"मग ते लिही."

"ते लिहिता येत नाही."

लव्हर्नने चष्मा काढला. "ऑर्व्हिल, त्या घरात चाललंय काय?"

दुसरा कागद घेतला. शरद ऋतूत एक नवी मुलगी घरच्या आठवणीने तीन दिवस जेवली नव्हती. डेलेनाने तिला समजावलं वगैरे काही नाही, नुसते सोलायला मटार दिले आणि स्वतः शेजारी बसून सोलत राहिली. चौथ्या दिवशी ती मुलगी कच्चे मटार खाताना दिसली. हे लिहिलं आणि खोडलं. मटार सोलण्याला पदक कोण देईल?

९ मार्च, शनिवार

मुख्यालयाच्या मिसेस व्हिटलो आल्या. उंच, राखाडी सूट, छातीवर मोत्यांची पिन. खोली तपासली, मुलींशी एकेक करून बोलल्या आणि मग मला जेवणघरात बोलावलं. छताचा नवा तुकडा बरोबर आमच्या डोक्यावर होता.

"मिस्टर टॅकेट, वरच्या खोलीत व्हॉल्व्ह आहे ना?"

"बाईसाहेब, मला सांगता येणार नाही."

"मी आत्ताच तो पाहून आले आहे."

"तुम्ही पाहिला असेल. मी नाही पाहिला."

"मग बंद कोणी केला?"

"मला शपथ आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डेलेनाने सगळं लिहून कळवलं आहे. पट्टी, मनगट, सगळं. तुम्ही फक्त हो म्हणायचं आहे."

"तिने कळवलं असेल तर तिलाच विचारा. तिला शपथ नाही. मला आहे."

"तुम्ही हो म्हणालात तर तिच्या बाजूने जाईल, असं मी सांगितलं तर?"

मला घाम फुटला. पोरीची नोकरी एका शब्दावर होती आणि तो शब्द माझ्या तोंडात होता. मी छताकडे पाहिलं. शेवटी म्हटलं, "बाईसाहेब, तुमच्या मंडळाचं गुपित मी फोडलं, तर तिने भलत्याच माणसावर भरवसा ठेवला असं नाही का होणार?"

त्या एकदम खिडकीकडे वळल्या. खांदे हलत होते. रागाने ठसका लागला असावा. मी पाणी आणून दिलं. नको म्हणाल्या, रुमाल डोळ्यांना लावला आणि वहीत पुष्कळ लिहिलं.

मी सगळं घालवलं.

११ मार्च, सोमवार

पत्र पाठवायचा शेवटचा दिवस होता, म्हणून जे सुचलं ते लिहून टपालात टाकलं. इथे उतरून ठेवतो, म्हणजे पुढे पस्तावायला बरं.

'समितीस. मी आठवी शिकलेला आहे. डेलेना प्रॉफिटने केलेली सर्वांत मोठी गोष्ट मला लिहिता येत नाही, कारण न सांगण्याची मी शपथ घेतली आहे. माझ्याबद्दलचं एक लिहितो. मला शिडीची भीती वाटते. विजेची, गारांची, बॉयलरच्या आवाजाची, डॉक्टरांच्या पत्रांची आणि बायको गाडी चालवते त्याची भीती वाटते. लहानपणापासून असंच आहे. यावर्षी एका दुपारी मला काही दिसत नव्हतं, पुढे काय आहे ठाऊक नव्हतं, आणि ही मुलगी मला पावलं सांगत होती. तेव्हा मला भीती वाटली नाही. नंतर घरी आल्यावर लक्षात आलं की वाटली नव्हती. मटारचीही एक गोष्ट आहे, पण ती लहान आहे. ऑर्व्हिल टॅकेट.'

प्रसंग मागितला होता, एकही दिला नाही. तपशील मागितला होता, तोही नाही. शिवाय गारांची काय गरज होती?

१९ एप्रिल, शुक्रवार

मुख्यालयाहून लिफाफा आला. एमा क्लेअरने जेवणघरात फोडून मोठ्याने वाचला. शाखेला लेखी समज. विधींच्या खोलीत बाहेरच्या व्यक्तीला नेल्याबद्दल. व्हॉल्व्ह तीस दिवसांत खोलीबाहेर आणावा. खाली सही: व्हिटलो.

पुढचं मी ऐकलं नाही. तळघरात आलो आणि बॉयलरशेजारच्या उलट्या बादलीवर बसलो. सत्तावीस वर्षांत या घरातली एवढी मुलं, चुकलो, मुली, मार्गी लागलेल्या पाहिल्या आणि जिला फार जायचं होतं तिचाच रस्ता मी बंद केला. राजीनामा कसा लिहायचा याचा विचार करत होतो. तोही लव्हर्न वाचणार.

तासाभराने जिन्यावरून आवाज आला, "तळघरात बाई."

डेलेना होती. "केव्हापासून शोधतोय आम्ही तुम्हाला. मॉम प्रुइट तर तुमच्या गाडीखालीही बघून आल्या."

"माझं चुकलं, पोरी," मी म्हटलं.

"दुसरा लिफाफा होता, मिस्टर ऑर्व्हिल. त्याच टपालात. त्यावरही त्यांचीच सही आहे."

ती पायऱ्या उतरून माझ्यापाशी आली. तिने कागद माझ्या हातात दिला. मी चष्मा शोधला, तो डोक्यावर होता. पदक तिला मिळालं. ऑगस्टपासून नोकरी, पहिली शाखा ऑरेगनमध्ये.

"केंटकीच्या बाहेर," मी म्हटलं.

"पुष्कळच बाहेर," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसली. आम्ही दोघं बॉयलरकडे बघत राहिलो.

खाली एक ओळ होती: 'मिस्टर टॅकेट यांचं पत्र समितीने दोनदा वाचून घेतलं.' माझं अक्षर पहिल्यापासूनच वाईट आहे. ते वाचायला दोनदा बसावं लागलं, तरी त्यांनी तिला पदक दिलं, म्हणजे बाकीचं काम तिने किती चांगलं केलं असेल.

एमा क्लेअरने मुख्यालयाच्या लेखी समजेचा कागद चौकटीत बसवून घेतला आहे. तो मला बंद खोलीच्या दारावर ठोकायला सांगितलाय. बाहेरच्या बाजूने.

१८ मे, शनिवार

व्हॉल्व्ह बाहेर आला. आता तो वरच्या मजल्यावर बाहेरच्या भिंतीत आहे, वर छोटं दार. दर वर्षी फिरवून तेल घालायचं, असं दारावर लिहून ठेवलं आहे.

आज मुली गेल्या. डेलेनाच्या काकाचा ट्रक आला होता, मागे अजून पेंडीची पोती. सामान चढवून झाल्यावर ती माझ्याकडे आली.

"मिस्टर ऑर्व्हिल, तुम्ही हात लावला होता ना खोलीतल्या त्या वस्तूला?"

मी मान हलवली. तीन महिन्यांनी मोकळं वाटलं.

"काय होतं ते सांगू? एमा क्लेअर म्हणते, तुम्हाला सांगायला तिची हरकत नाही."

मला फार विचारावंसं वाटलं. तीन महिने त्या नाकाने मला झोपू दिलं नव्हतं. पण म्हटलं, "नको. ठाऊक झालं तर लव्हर्नला कळेल की मला काही ठाऊक आहे."

ती हसली. हात मिळवायला पुढे केला आणि मिळवलाच नाही, नुसतं माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण सुटणार नाही असं. मग ट्रकमध्ये चढली.

लव्हर्न मला न्यायला आली. महामार्गाच्या वळणावर समोरून लाकडांचा ट्रक येत होता आणि ती रेडिओ लावत होती. मला फेब्रुवारीतल्या त्या शनिवारची दुपार आठवली. वाटलं, करून तर बघू. डोळे गच्च मिटले, श्वास घेतला आणि शांत बसलो.

तरी भीती वाटलीच.